मार्च-ऑक्टोबरलाच वाफ का धरत नाही? शेफलर डिशचा सरकता फोकस

तक्रार दरवर्षी त्याच शब्दांत येते. "आरसे गेले वाटतं भाऊ, वाफच धरत नाही." महिना मार्चचा, नाहीतर ऑक्टोबरचा. सकाळी दहापर्यंत चढणारं प्रेशर साडेअकराला कसंबसं चढतं, वरण होतं पण भाताला गॅस पेटवावा लागतो, आणि स्वयंपाकघरातल्या मावशी सोलरच्या नावाने बोटं मोडायला लागतात. महिना-दोन महिन्यांनी दुखणं आपोआप जातं. पुढच्या मोसमात पुन्हा हजर.

धुळे-नंदुरबारकडच्या निवासी शाळा आणि वसतिगृहांच्या वाफेवरच्या स्वयंपाकघरांची देखभाल मी करतो. बहुतेक ठिकाणी 16 चौरस मीटरच्या शेफलर डिश आहेत, म्हणजे ऊन एका जागी गोळा करून त्यावर वाफ करायचे मोठे वाटीसारखे आरसे. शिर्डीच्या प्रसादालयात 2009 मध्ये बसवलेल्या 73 डिश ज्यांनी पाहिल्या असतील त्यांना चेहरामोहरा ओळखीचा वाटेल, आमच्याकडे फक्त दहा-दहाचा मामला. खाली लिहितोय ते त्यातल्या एका शाळेवरून, कारण तिथे मी स्वतः दोन वर्षं चुकीच्या जागी शोधत होतो.

ज्यांच्या डोक्यावर आत्ता चारशे मुलांचा भात आहे त्यांच्यासाठी उत्तर आधीच सांगतो. डिशचा सीझनल दांडा, म्हणजे तिचा उत्तर-दक्षिण कल बदलणारा टेलिस्कोपिक पाइप, शेवटचा कधी हलवला ते रजिस्टरात बघा. मार्च किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर चालू असेल आणि तारीख तीन दिवसांपेक्षा जुनी असेल तर आधी तो हलवा. आरशांचं नंतर बघू.

आम्ही कसे फसलो

सिस्टीम बसली डिसेंबरात. बसवायला आलेल्या माणसाने ऑपरेटर दादांना दोन कामं शिकवली. रोज सकाळी डिश फिरवून फोकस रिसिव्हरवर (ज्यात पाणी तापून वाफ होते त्या लोखंडी भांड्यावर) आणायचा, आणि दर सोमवारी सीझनल दांडा सरकवायचा. सोमवार का, तर त्याच दिवशी आरसे धुवायचे असतात, म्हणजे सगळं एका फेरीत उरकतं. डिसेंबर-जानेवारीत वाफ अशी आली की सेफ्टी व्हॉल्व्ह शिट्ट्या मारायचा. एखाद्या सोमवारी दांडा विसरला तरी काही बिघडायचं नाही. त्यामुळे हे काम फारसं महत्त्वाचं नाही असा सगळ्यांचा समज झाला.

मार्चमध्ये वाफ बसली. पण गंमत म्हणजे सोमवार-मंगळवारी बरी असायची आणि शुक्रवार-शनिवारी अगदीच मरायची. सोमवारी आरसे धुतो, मग बरी होते, म्हणजे आरसे आठवड्यात मळतात. याहून सरळ हिशेब काय असणार? शाळेशेजारून कच्चा रस्ता जातो, धूळ तर डोळ्यांना दिसत होती. दोन डिशवरच्या आरशांना मागून काळे डाग पडलेले होते, ते बदलायचं ठरलं. आरसे येऊन बसेपर्यंत जून उजाडला, शाळा उघडली, पावसाआधीचे चार स्वच्छ दिवस मिळाले आणि वाफ झकास. सगळे खूश.

ऑक्टोबरात तीच तक्रार. मग स्टीम ट्रॅप (वाफेच्या पाइपात साचलेलं पाणी बाहेर सोडणारे व्हॉल्व्ह) बदलले, आणि डिसेंबरात गुण आला. पुढच्या मार्चला पाइपावरचं उष्णता धरून ठेवणारं, पण भिजलेलं ग्लासवूल बदललं, शाळेला सुट्टी लागता लागता गुण आला. कशानेही गुण येत होता, कारण दुखणं आपल्या पायांनी येत होतं आणि आपल्या पायांनी जात होतं.

सुगावा लागला तो साध्या गोष्टीतून. दुसऱ्या मार्चमध्ये मी दादांना आरसे सोमवारी आणि गुरुवारी असे दोनदा धुवायला लावले. गुरुवारी धुतल्यावर काडीचाही फरक पडला नाही. मग सोमवारीच का पडतो? सोमवारी आणखी काय करतो? दांडा! त्या संध्याकाळी जुन्या रजिस्टरातल्या तक्रारींच्या तारखा मी भिंतीवरच्या कालनिर्णयावर पेनाने गोल करत गेलो. सगळे गोल 21 मार्चच्या आजूबाजूला आणि सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबर या भागात दाटले होते. डिसेंबर कोरा.

सूर्याचा झोका

सूर्य वर्षभरात विषुववृत्ताच्या 23.5 अंश उत्तरेला आणि तेवढाच दक्षिणेला जातो हे शाळेत शिकवतात. तो एकसारख्या वेगाने जात नाही, हे शिकवलं असेल तर मला आठवत नाही. झाडाला बांधलेला झोका आठवा. टोकाला तो क्षणभर थांबल्यासारखा होतो आणि मधून जाताना सुसाट जातो. सूर्याचं तसंच. 21 डिसेंबरच्या आधीच्या दहा दिवसांत तो उत्तर-दक्षिण जेवढा सरकतो, जवळजवळ तेवढा 21 मार्चच्या सुमाराला एका दिवसात सरकतो. मार्चमध्ये रोज 0.4 अंश. सोमवार ते सोमवार 2.8 अंश.

आमच्या डिशपासून रिसिव्हर साधारण 4 मीटरवर आहे. एवढ्या अंतरावर 1 अंशाची चूक म्हणजे फोकस 7 सेंटिमीटर बाजूला. 2.8 अंश म्हणजे जवळजवळ 20 सेंटिमीटर. रिसिव्हरचं तोंड 40 सेंटिमीटर, त्यावर पडणारा उजेडाचा ठिपका 28-30 सेंटिमीटर. चारी बाजूंना मोकळी जागा उरली पाच-सहा सेंटिमीटर. म्हणजे सोमवारी नेमका लावलेला फोकस बुधवारपासून कडेने सांडायला लागतो आणि रविवारपर्यंत बराचसा ठिपका रिसिव्हरच्या बाहेर, इन्सुलेशनच्या पत्र्यावर. पत्र्यावरचा रंग जळलेला होता. तो मी दोन वर्षं रोज बघत होतो आणि जुना झालाय म्हणून सोडून देत होतो.

ही डिश करते काय

ज्यांना एवढ्यावर भागतं त्यांनी पुढच्या भागावर जावं. पण दांडा का हलवायचा हे कळल्याशिवाय माणूस तो मनापासून हलवत नाही, असा माझा अनुभव आहे, म्हणून थोडं सविस्तर.

गच्चीवरचा सोलर बंब ऊन जसं पडेल तसं घेतो. सरळ येणारं घेतो, ढगातून-धुळीतून विखरून येणारंही घेतो. डिशचं तसं नाही. ती फक्त सूर्याकडून थेट येणारे किरण गोळा करू शकते, कारण किरण एका दिशेने आले तरच आरसा त्यांना एका जागी पाठवू शकतो. पॅराबोलाचा, म्हणजे डिशच्या या बाकाचा, गुण तोच: त्याच्या अक्षाला समांतर आलेला प्रत्येक किरण परावर्तित होऊन एकाच बिंदूतून जातो. प्रत्यक्षात बिंदू कधी मिळत नाही, कारण सूर्य म्हणजे बिंदू नव्हे. आपल्याला तो आकाशात सुमारे अर्ध्या अंशाची थाळी दिसतो. 4 मीटरवर त्या थाळीचं चित्र 3.7 सेंटिमीटरचं पडतं. आरसा कितीही निर्दोष केला तरी याहून लहान होणार नाही.

आपला ठिपका त्याच्या सात-आठ पट मोठा का? कारण डिशवर अखंड वाकलेला आरसा नसून आरशाचे शेकडो जवळजवळ सपाट तुकडे आहेत. सपाट तुकडा किरण एकवटत नाही, फक्त वळवतो. त्यामुळे ठिपका निदान तुकड्याएवढा तरी असतोच, वर सूर्याची थाळी आणि चिकटवतानाच्या चुका. शेकडो ठिपके एकावर एक रचले की उष्णता होते. ही युक्ती काही आजची नाही. 1878 च्या सुमाराला मुंबईत कुलाब्याला विल्यम ॲडम्स नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने सपाट आरशांचे तुकडे अर्धवर्तुळाकार चौकटीवर लावून बॉयलर तापवला होता आणि अडीच हॉर्सपॉवरचं वाफेचं इंजिन चालवलं होतं. वक्र काच परवडत नाही, सपाट स्वस्त मिळते, हा हिशेब तेव्हाही तोच होता.

शेफलर डिशची खासियत वेगळी आहे. वोल्फगँग शेफलर यांनी पहिली नीट चालणारी डिश 1986 मध्ये केनियात उभी केली. त्यांना हवं होतं ते असं की आरसा फिरावा पण चूल जागची हलू नये. साधी पॅराबोलिक डिश सूर्याबरोबर फिरली की तिचा फोकसही फिरतो, त्यामुळे भांडं तिच्यासोबत टांगावं लागतं. शेफलर यांनी अख्खी वाटी न घेता मोठ्या पॅराबोलाच्या कडेचा एक काप घेतला आणि तो पृथ्वीच्या अक्षाला समांतर असलेल्या आसाभोवती फिरवला. धुळ्याच्या भागात हा आस जमिनीशी 21 अंशांचा कोन करतो, म्हणजे आपल्या अक्षांशाएवढा. फोकस याच आसाच्या रेषेवर येतो. डिश तासाला 15 अंश फिरते, फोकस दिवसभर जागच्या जागी. म्हणून रिसिव्हर भिंतीसारखा पक्का बसवता येतो आणि वाफेचे पाइप वाकवावे लागत नाहीत.

या सोयीची किंमत म्हणजे सीझनल दांडा. सूर्य उत्तर-दक्षिण सरकला की डिशचा कल बदलावा लागतो, आणि तोही सूर्य जेवढा सरकला त्याच्या निम्म्याने, कारण आरसा एक अंश कलला की किरण दोन अंश वळतो. एवढ्यावर भागत नाही. कल बदलल्यावर तोच काप नव्या पॅराबोलाचा भाग राहत नाही, त्यामुळे डिशचा बाकही किंचित बदलावा लागतो. म्हणूनच तिची चौकट मुद्दाम लवचीक ठेवलेली असते आणि दांडे वर-खाली दोन टोकांना असतात. खालचा दांडा हलवला आणि वरचा विसरला, तर ठिपका जागेवर येतो पण पसरट होतो. हे आमच्याकडे अनेकदा झालंय.

आणखी एक, कारण यावरून वाद होतात: 16 चौरस मीटरची डिश म्हणजे 16 चौरस मीटर ऊन नव्हे. आरसा सूर्यासमोर तिरका उभा असतो, त्यामुळे विषुवदिनाच्या सुमाराला प्रत्यक्षात 11.5 चौरस मीटरच्या आसपास ऊन अडवलं जातं. कागदावरच्या 16 ने हिशेब करून "निम्मीच वाफ येते" म्हणणाऱ्यांनी आधी हे गणित करावं.

लातूरला महानंदच्या डेअरीत दूध पाश्चराइज करायला बसवलेली 160 चौरस मीटरची अरुण डिश मात्र वेगळ्या जातीची. ती दोन्ही अक्षांवर आपोआप फिरते आणि रिसिव्हर तिच्यासोबत फिरतो. तिथे सीझनल दांडा हा प्रकारच नाही, तेव्हा माझं हे पुराण त्या डिशला लावू नका.

ठिपका कुठल्या बाजूला गेलाय ते आधी बघा

वेल्डिंगची काळी काच डोळ्यांवर लावूनच रिसिव्हरकडे बघायचं. उघड्या डोळ्यांनी कधीच नाही, गॉगल लावूनही नाही. दुपारी बाराच्या सुमाराला, डिश चालू असताना, प्रत्येक रिसिव्हरसमोर दोन मिनिटं द्या. माझं अर्धं निदान इथेच होतं.

ठिपका गोल आणि घट्ट आहे पण उभा, म्हणजे वर-खाली सरकलाय: सीझनल सेटिंग. दहाच्या दहा डिशवर एकाच बाजूला सरकला असेल तर शंकाच नको.

ठिपका घट्ट आहे पण आडवा, पूर्व-पश्चिम सरकलाय: रोजच्या फिरण्यात घोळ. दहाही डिश एकदम सरकल्या असतील तर फिरवणारी मोटर चालवणारा टायमर किंवा लाइट (वीज). एकच सरकली असेल तर तिची चेन, स्प्रॉकेट किंवा क्लॅम्प. वाऱ्याबरोबर ठिपका हेलकावे खात असेल तर चेन सैल आहे. एकदा एका पुलीत चिमणीने घरटं केलं होतं, पिल्लं उडेपर्यंत ती डिश हाताने फिरवली.

ठिपका सरकलेला नाही पण पसरलाय, कडा धूसर: आरशाचे तुकडे हललेत, नाहीतर वर सांगितला तसा एकच दांडा हलवलाय.

ठिपका अगदी जागेवर, घट्ट, तरीही वाफ नाही: दोष डिशचा नाही. ऊन, पाणी किंवा पाइप बघा.

उभा सरकला असेल तर

मार्च-एप्रिल आणि ऑगस्ट अखेर ते ऑक्टोबर अखेर: दर दुसऱ्या दिवशी दांडा हलवा. फेब्रुवारी आणि नोव्हेंबरात तीन दिवसांनी चालतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा ते जानेवारीचा पहिला आठवडा, आठवड्यातून एकदा पुरे. मे अखेर ते जुलै सुरुवातही तशीच निवांत, पण तेव्हा आमच्याकडे सुट्टी नाहीतर ढग.

दर वेळी नेमका आजचा फोकस लावू नका, उद्याच्या सूर्यासाठी लावा. दोन दिवसांत ठिपका साडेपाच सेंटिमीटर चालणार असेल तर त्याला सुरुवातीलाच निम्मं अंतर उलट्या बाजूला ठेवायचं. मग तो मध्यातून चालत पलीकडे जातो आणि सांडत नाही. दादांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे उधारी आधीच फेडून ठेवायची." तसंच.

कायमचा उपाय म्हणून आम्ही दांड्यांवर ऑइलपेंटने खुणा केल्या. डिसेंबर ते जून दर वेळी फोकस नीट लागल्यावर खालच्या-वरच्या दोन्ही दांड्यांवर बारीक रेघ आणि तारीख. पुढचे सहा महिने वेगळ्या खुणा लागत नाहीत, कारण सूर्य त्याच वाटेने परत येतो. 20 एप्रिलची खूण 23 ऑगस्टला चालते, 19 फेब्रुवारीची 23 ऑक्टोबरला. प्रत्येक डिशच्या खुणा वेगळ्या येतात, एका डिशच्या दुसरीला उतरवू नका.

आडवा सरकला असेल तर

पहिला संशय लाइटवर. आमच्या टायमरला सूर्य दिसत नाही. ठरावीक वेळाने मोटर चालवायची एवढंच त्याला कळतं. पंधरा मिनिटं लाइट गेली की डिश पावणेचार अंश मागे राहते, म्हणजे 26 सेंटिमीटर, आणि लाइट आल्यावर टायमर जणू काही झालंच नाही अशा थाटात पुढे चालू लागतो. तो मागे पडलेला वेळ भरून काढत नाही. ओळखायची खूण अशी की लाइटमुळे ठिपका कायम एकाच बाजूला राहतो. भारनियमनाचं वेळापत्रक बदललं की वाफेची तक्रारही वेळ बदलते. ट्रॅकिंगच्या मोटरला फार वीज लागत नाही. तिला छोटं सोलर पॅनल आणि बॅटरी दिल्यावर हा विषय आमच्याकडे संपला.

दुसरं कारण छुपं आहे आणि ते नेमकं डिसेंबर-जानेवारीत येतं, जेव्हा सीझनलचं दुखणं नसतं. काही ठिकाणी डिश संध्याकाळी आपोआप मागे जाते आणि सकाळी घड्याळाच्या ठरावीक वेळेला ठरावीक जागेवरून सुरू होते. पण सूर्य आपल्या घड्याळाने चालत नाही. धुळ्याला सूर्य डोक्याच्या रेषेवर येतो तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला 12:15 च्या सुमाराला आणि फेब्रुवारीच्या मध्यात 12:45 ला. मुळात अर्धा तास उशीर आहे तो आपण भारतीय प्रमाणवेळेच्या रेषेच्या बरेच पश्चिमेला असल्यामुळे. उरलेली मागे-पुढे होते ती पृथ्वीच्या लंबवर्तुळी कक्षेमुळे आणि अक्षाच्या कलामुळे. डिसेंबर अखेरीला ही मध्यान्हाची वेळ रोज सुमारे 30 सेकंदांनी पुढे जाते. पंधरा दिवसांत साडेसात मिनिटं, म्हणजे जवळजवळ 2 अंश, म्हणजे 13 सेंटिमीटर. सकाळी कोणी हाताने फोकस लावत असेल तर हा दोष कळतही नाही. सगळं ऑटोमॅटिकवर सोडलं असेल तर नाताळच्या आसपास वाफ का उतरते म्हणून लोक डोकं खाजवत बसतात. उपाय: त्या दोन महिन्यांत दर तीन-चार दिवसांनी सकाळची सुरुवात हाताने दुरुस्त करा.

ठिपका पसरला असेल तर

इथे आरशांची पाळी येते. एखादा तुकडा 1 अंशाने उचलला गेला तर त्याचा किरण 2 अंश वळतो आणि 4 मीटरवर 14 सेंटिमीटर बाहेर पडतो. आरसा चिकटवायचा सिलिकॉन उन्हाळ्यात सुटतो, माकडं डिशवर बसतात, कधी चौकटच वाकते. कुठला तुकडा चुकलाय हे उन्हात शोधणं त्रासाचं आणि धोक्याचं काम आहे. गोणपाटाने रांगारांगांनी आरसे झाकत बघता येतं, पण मला दुसरी पद्धत आवडते.

चंद्र आकाशात सूर्याएवढाच दिसतो, तोही अर्ध्या अंशाची थाळी. त्याचा उजेड सूर्याच्या सुमारे 4 लाखांत एक भाग. म्हणजे पौर्णिमेच्या रात्री डिश चंद्रावर लावली तर रिसिव्हरवर धरलेल्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर अगदी दिवसासारखा ठिपका पडतो, आणि तो हात न भाजता, डोळे न दिपता निवांत बघता येतो. एकेका आरशापुढे हात धरायचा, पुठ्ठ्यावरचा कुठला भाग अंधारतो ते बघायचं. नको तिथला उजेड गेला की तो आरसा दोषी, त्यावर खडूने फुली. दांडा मात्र आधी चंद्राच्या उंचीप्रमाणे हलवावा लागतो आणि काम झालं की परत आणायचा, नाहीतर सकाळी बोंब. एका वर्षी आम्ही हे कोजागिरीला केलं. मुलं मैदानात, दूध आटतंय, आणि आम्ही तिघं पुठ्ठा घेऊन डिशपाशी. ऑपरेटर दादांच्या मुलीने विचारलं, या चंद्राच्या वाफेवर दूध नाही का आटणार? चंद्राचा फोकस बोटावर घेऊन दाखवला तिला. काहीच लागत नाही.

ठिपका बरोबर, तरी वाफ नाही

ऊन तपासायला यंत्र लागत नाही. जमिनीवर पडलेली आपली सावली बघा. कडा करकरीत असतील तर ऊन थेट आहे. सावली पुसट, कडा विरघळल्यासारख्या असतील तर आकाश कितीही निळं-पांढरं चमकत असलं तरी डिशला खाऊ नाही. एप्रिल-मेमधली धुरकट हवा, शेतात पाचट पेटवलेले दिवस, हिवाळ्यातल्या धुक्याच्या सकाळी यांत येतात. अशा दिवशी गच्चीवरचा बंब गरम पाणी देत असतो आणि लोक म्हणतात, "ऊन तर आहे!" आहे, पण विखुरलेलं.

आरसे धुवायचे पहाटे, डिश उन्हातून काढून. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं की तडा. धूळ दुहेरी मारते, किरण काचेत शिरताना एकदा आणि परत बाहेर येताना एकदा, त्यामुळे धुणं हवंच. माझं म्हणणं एवढंच की ते सगळ्या रोगांवरचं औषध नाही. आणि कृपा करून आरओचं टाकाऊ पाणी आरशांना वापरू नका. एका वसतिगृहात पाणी वाचवायच्या चांगल्या हेतूने वर्षभर तेच वापरलं. त्यात क्षार एकवटलेले असतात, वाळले की काचेवर पांढरा पापुद्रा. तो काढताना फडक्याने आरशांवर ओरखडे आले. साठवलेलं पावसाचं पाणी मिळालं तर सोनं.

पाण्याचाच दुसरा ताप रिसिव्हरच्या आत. आमचं बोअरचं पाणी जड. पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरला मीठ घालायला कोणी विसरलं की दोन महिन्यांत रिसिव्हरच्या आत पांढरा थर. हा थर उष्णता अडवतो, मग बाहेरचं लोखंड जास्त तापतं आणि तोंडावरचा काळा रंग राखाडी होऊन पापुद्रे धरतो. शेजारच्या रिसिव्हरचा रंग शाबूत आणि याचाच गेला असेल तर आत थर आहे असं धरून चाला. रोज संध्याकाळी थोडं ब्लोडाऊन, म्हणजे क्षार साचलेलं पाणी सोडून देणं, आणि रिकाम्या रिसिव्हरवर चुकूनही फोकस नको. हेडरमधली (पाणी-वाफ साठवणाऱ्या मुख्य टाकीतली) पातळी निम्म्याखाली असेल तर आधी पाणी, मग डिश. सकाळी पाइपात हवा अडकली की प्रेशरचा काटा चढतो आणि कुकरमध्ये मात्र गरमी पोचत नाही. व्हेंट उघडून हवा काढली की दहा मिनिटांत फरक दिसतो. पावसाळ्यानंतर ग्लासवूल दाबून बघा, हाताला पाणी लागलं तर बदला.

त्या शाळेत आता दांडा दर दुसऱ्या दिवशी हलतो आणि रजिस्टरात वेगळा रकाना आहे. दादा रजेवर असले की मावशीच काळी काच लावून ठिपका बघतात, आणि सरकला असेल तर मला फोन करण्याआधी कामाठ्याला हाक मारतात. सात नंबरची डिश मात्र अजून हट्टी आहे. वादळात तिची चौकट पिळली गेली, त्यामुळे वरचा दांडा खुणेवर आणला की ठिपका डावीकडे फाटतो. सध्या तिला मधल्या जागेवर ठेवून निम्म्या वाफेवर समाधान मानतोय. दिवाळीच्या सुट्टीत चौकट उतरवून सरळ करायची आहे.